आधी ताट, मागून तनू

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा मला खिडकीची जागा मिळाली होती, पण काटोल येईपर्यंत मी त्या जागेवर धड बसले नाही. उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं, निळी फाइल उघडून सगळे कागद आहेत ना ते बघायचं आणि पुन्हा उठायचं. समोरच्या बाईंनी शेवटी पाय आखडून घेतले आणि मला कायमची वाट करून दिली. बाहेर संत्र्याच्या बागा सुरू झाल्या होत्या. मृग बहाराची फळं अजून झाडावर होती, मधूनच वाळलेल्या पऱ्हाटीचं (कापसाचं) रान, बांधावर फुललेला पळस. एरवी मी फोटो काढत सुटले असते. त्या दिवशी मला फक्त स्टेशनांची नावं वाचायची होती.

आणि तीही मी धड वाचली नाहीत. गाडी थांबली तशी बॅग ओढत उतरलेच. मागून त्याच बाई ओरडल्या, "ओ बाई! थे नरखेड हाये! पांढुर्णा पुढं हाये ना!" गाडी हलायच्या आत मी परत चढले. सगळा डबा हसला, मीही हसले, आणि त्यानंतर बाईंनी मला हाताला धरून शेजारीच बसवलं.

"एवढी कायची घाई करून राहिल्या? कोणाकडं जाऊन राहिल्या?"

"मुलगी दत्तक घ्यायची आहे. माझ्या धाकट्या दिराची. तिला न्यूझीलंडला न्यायचंय."

"मंग घ्या ना! आमच्या जेठाची पोरगी नणंदेनं नाई का घेतली. ओटीत घातली, पेढे वाटले, झालं."

"परदेशात न्यायला पेढ्यांनी भागत नाही हो."

"काहून? तिथं पेढे नाई भेटत का?" त्या खरोखरच काळजीने म्हणाल्या.

मला हसू आलं, पण अर्धवटच. कारण माझं सगळं प्रकरण अडलं होतं ते अगदी इथेच, या पेढ्यांपाशी.

वाचकांना आधी माणसं सांगायला हवीत. मी मूळची सिन्नरची. नवरा श्रीधर सौंसर तालुक्यातला, रामाकोन्यापासून थोडं आत असलेल्या एका खेड्यातला. हा मुलूख राज्याच्या सीमेपलीकडचा, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि मुलीचं नावही बदललं आहे, कारण तिची फाइल अजून चालू आहे. आम्ही बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. आम्हाला मूल नाही. श्रीधरचा धाकटा भाऊ आणि भावजय मोटारसायकलच्या अपघातात एकाच दिवशी गेले. मागे राहिली त्यांची मुलगी तनू, तेव्हा सहा वर्षांची, आणि माझे सासरे. सासऱ्यांना इकडे मामाजी म्हणतात, तनू त्यांना आबाजी म्हणते. दोघंच एका घरात. तेरवीच्या दिवशी मामाजी फोनवर म्हणाले, "पोरगी तुमची. मी काय जन्माले पुरून राहिलो का?" आम्ही दोघंही रडत होतो. हो म्हणालो.

हो म्हणणं सोपं होतं. सख्ख्या काकाने पुतणी दत्तक घेतली तरी मूल दुसऱ्या देशात न्यायचं असेल, तर दोन्ही देशांची सरकारं त्यात येतात. आधी तिकडची समाजसेविका घरी येते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी कपाटं पाहिली, डॉक्टरांची पत्रं पाहिली, आणि मग मला एकटीला बसवून विचारलं की तुम्ही दोघं भांडता कसे. मी म्हटलं, मी भांडते, तो झोपतो. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. तो अहवाल भारतात येतो. इथे जिल्ह्याचे बाल संरक्षण अधिकारी मुलाच्या घराची चौकशी करतात, पालकाची संमती घेतात, आईवडील नसतील तर बाल कल्याण समितीची परवानगी लागते. मग कलेक्टरांचा आदेश, मग दिल्लीचं ना-हरकत पत्र, मग पासपोर्ट आणि व्हिसा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकून मी वाढले. पण या सगळ्या पायऱ्यांत एक अशी आहे की तिथे कुणाचाच वशिला चालत नाही. मूल पाच वर्षांच्या वरचं असेल, तर त्याला एकट्याला विचारतात. ते नाही म्हणालं की फाइल तिथेच बंद.

तनू हो म्हणेल याबद्दल मला शंका नव्हती. दोन वर्षं ती मला फोनवर 'आई' म्हणत होती. फाइल मात्र परत आली होती, आणि का ते नीट कळत नव्हतं. श्रीधरला रजा नव्हती. त्याला तसंही आदेशाच्या वेळी यावं लागणारच होतं. म्हणून मी एकटी निघाले.

पांढुर्णा जिल्हा होऊन फार दिवस झालेले नाहीत. स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याला मी विचारलं, जिल्ह्याचं ऑफिस कुठे? तर म्हणाला, "कोन्तं? सगळे हायेत. पहिले छिंदवाड्याले जा लागे, आता इथंच चकरा." रस्त्यात संत्र्याच्या खोक्यांचे ट्रक उभे होते, पेंढ्याचा आणि सालींचा वास. जाम नदीच्या पुलावरून गेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिथे दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगड फेकतात ती हीच, हे त्याने मला न विचारता दाखवलं. मी म्हटलं, आधी ऑफिस.

अधिकारी बाई सागरकडच्या होत्या, हिंदीभाषक, माझ्याहून तरुण. त्यांनी फाइल उघडली, दोन कागद शेजारी ठेवले आणि माझ्याकडे वळवले. एक जन्मदाखला, त्यावर तनूच्या खऱ्या आईवडिलांची नावं. दुसरा शाळेचा दाखला, त्याला आधारची प्रत टाचलेली. तिथे वडील श्रीधर, आई वसुधा. वसुधा म्हणजे मी.

"कागज़ पर तो ये आपकी ही बेटी है," त्या म्हणाल्या. "अब आप गोद किससे लेंगी?"

मी बघतच राहिले. दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मी मनात हळवा म्हणून जपून ठेवला होता, त्याचा अर्थ मला त्या टेबलापाशी कळला. तेरवीनंतर आठवड्याभराने मामाजींनी आम्हाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला होता. अंगणात सतरंजी, मोहगावचे पाहुणे, समोर पाट. पाटावर पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकवून ठेवलेला फोन, म्हणजे आम्ही. नवा फ्रॉक घातलेल्या तनूला त्यांनी त्या फोनसमोर बसवलं, तिच्या ओच्यात नारळ आणि संत्री घातली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिली बाप्पा पोरगी!" मग पंगत. मी इकडे हॅमिल्टनच्या स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत होते. मला तो एक भावनेचा सोहळा वाटला. मामाजींच्या लेखी व्यवहार पुरा झाला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्टॅम्पपेपर लिहून घेतला आणि त्यावर शाळेतलं नाव बदललं, शाळेच्या दाखल्यावरून आधार बदललं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर सासराच उतावळा निघाला.

"पहले सब नाम वापस कराइए," अधिकारी बाई म्हणाल्या. "जैसा जन्म प्रमाणपत्र में है. फिर बच्ची को लेकर आइए, मैं उससे बात करूँगी."

म्हणजे तनू माझी व्हावी म्हणून आधी ती माझी नाही असं जागोजागी लिहून द्यायचं. नियम चूक नव्हता. मुलं कुठून कुठे जातात याचा माग राहिला नाही तर काय होतं, हे मला कळण्याइतकं मी वाचलं होतं. तरी मी बाहेर येऊन पायऱ्यांवर उभी राहिले आणि मला कुणाला तरी शिवी द्यावीशी वाटली.

सौंसरची बस भरलेली होती. पाठ टेकायला मिळाली नाही ते बरंच झालं. सौंसरला उतरून दुसरी गाडी, रामाकोन्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून मामाजींच्या शेजाऱ्याची मोटारसायकल. घरी पोचले तर अंगणात गोवऱ्यांचा आर (निखारे) पेटवलेला आणि मामाजी स्वतः त्यात रोडगे (कणकेचे जाडजूड गोळे) भाजत होते. सत्तरीचा माणूस, धोतर खोचलेलं, कपाळाला राख.

"ये सूनबाई. गाडीनं लय दमवलं असन. तनू, पाणी दे वं आईले!"

तनू दारामागून आली. फोनवर दिसते त्याहून उंच, दोन वेण्या, समोरचा एक दात अर्धा आलेला. पाण्याचा गिलास माझ्या हातात देऊन ती एकदम माझ्या कुशीत घुसली आणि "आई" म्हणाली. फोनवर शेकडो वेळा ऐकलेला शब्द. माझ्या हातातलं निम्मं पाणी तिच्या वेणीवर सांडलं.

जेवायला बसल्यावर तिने तिचं ताट दाखवलं. नातीला 'दिली' तेव्हा मामाजींनी सौंसरच्या भांड्यांच्या दुकानातून आणलेलं, स्टीलचं, काठ वळवलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरून घेतात तसं बारीक ठिपक्यांनी त्यावर कोरलं होतं: 'कु. तनुश्री. आई वसुधा, बाबा श्रीधर. आबाजीकडून भेट.' तिने बोटाने एकेक अक्षर मला वाचून दाखवलं. वांग्याच्या भाजीत तुपाने थबथबलेला रोडगा तिने त्यात कुस्करला, आणि "तुम्ही पण यातच जेवा," म्हणाली. आम्ही दोघी एका ताटात जेवलो. त्या जेवणाइतकं स्वस्थ मी त्या सगळ्या प्रवासात दुसरीकडे कुठेच बसले नाही.

ती शेजारी खेळायला गेल्यावर मी मामाजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ आर उकरत राहिले.

"म्हंजे म्या लिवून देऊ, का चूक झाली मून?"

"प्रतिज्ञापत्र करायचंय मामाजी. सौंसरला. गैरसमजातून नाव बदललं असं."

"चूक कायची? पोरीले आई देल्ली, हे चूक?"

दुसऱ्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून माझ्याबरोबर सौंसरला आले. वकिलाने मजकूर हिंदीत वाचून दाखवला, त्यांनी 'भूल' हा शब्द आला तिथे मान फिरवली, पण सही केली. नंतर मला संत्र्याची बर्फी घेऊन देण्याचा आग्रह धरला. दुकानासमोर उभ्यानेच आम्ही ती खाल्ली, आणि मी म्हटलं, चला, शाळा सुटायच्या आत पोचू. "तुह्या पायाले काय बांधलं हाये वं?" म्हणत ते माझ्या मागे निघाले.

शाळेतलं काम सोपं झालं. मुख्याध्यापक भले होते, चूक त्यांच्याही अंगाशी येणारी होती म्हणून जास्तच भले. त्यांनी दाखल-खारिजचं रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची वही) मागवलं. ते घेऊन आली ती तनूच. वर्गाची मॉनिटर होती, ऑफिसातली कामं तीच करायची. मला पाहून हसली आणि तिथेच उभी राहिली. गुरुजींनी पट्टी लावून लाल शाईने माझ्या नावावर रेघ मारली, श्रीधरच्या नावावर मारली, वर जुनी नावं लिहिली आणि शेजारी सही केली. मी फाइलमध्ये कागद लावण्यात दंग होते. एक काम झालं, आता आधार केंद्र, दुपारी बंद तर नाही ना, एवढंच माझ्या डोक्यात. मुलगी उभी आहे हे मी पाहिलं होतं. ती वाचते आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

तनूला बरोबर नेऊन आधारचाही अर्ज भरून झाला. मी त्या दिवशी फार खूश होते, आणि हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो.

संध्याकाळी जेवायला बसलो तर तनू कोपऱ्यातली जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) जुनी थाळी घेऊन बसली. मी म्हटलं, तुझं ताट कुठे? "धुवाचं हाये." दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच थाळी. दुपारी म्हणाली, "मोठी आई, भाजी वाढू का?"

इकडे थोरल्या काकूला मोठी आईच म्हणतात. त्यात वावगं काही नाही. पण कालपर्यंत मी नुसती आई होते. मामाजींनी मान खाली घातली. त्यांना आधीच कळलं होतं.

मी ताट शोधलं. ते मांडणीवर, सगळ्या भांड्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभं होतं. त्यावर खिळ्याने ओरखडे काढलेले होते. अक्षरं मात्र तशीच होती. स्टीलवर कोरलेलं खिळ्याने जात नाही.

तनू मागे येऊन उभी होती. "गुरुजींनं खोडलं. आधारवाल्यानं बी खोडलं. हे नाई निघून राहिलं," ती म्हणाली. रडत नव्हती. एखादं काम जमत नाही अशी तक्रार होती. "तुम्ही मले वापस केलं ना?"

मी पायाखालची जमीन सरकली वगैरे म्हणणार नाही. मी खाली बसले, एवढंच. एरवी कुठेही न बसणारी मी. तिला सगळं सांगितलं. नाव का बदललं होतं, का परत करावं लागलं, पुढे मोठे साहेब (कलेक्टर) लिहितील तेव्हा ते कायमचं कसं होईल. तिने ऐकून घेतलं. आठ वर्षांच्या मुलीला जे सांगत होते ते मला स्वतःलाच वेडगळ वाटत होतं: तू माझी व्हावीस म्हणून मी तुला माझी नाहीस असं लिहून दिलं.

मामाजींनी तिला बागेत नेलं. मीही मागोमाग गेले. नव्या रोपांपाशी बसून त्यांनी तिला दाखवलं. इकडे संत्र्याचं झाड बीपासून करत नाहीत. खाली जंबेरीचा (रानटी लिंबाचा) खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा (फुटव्याची कळी) पट्टीने बांधतात.

"हे पाय. डोळा घाईनं बांधला अन् वाकडा बसला, तं पट्टी सोडा लागते. सोडली म्हंजे फेकला नाई. मंग पुन्हा नीट बांधाचा. म्या घाई केली होती, तुह्या मोठ्या आईनं पट्टी सोडली. समजलं?"

तनूने रोपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी काय झाड आहो का, आबाजी?"

मामाजी हसायला गेले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. ते उठून पाण्याची पाळी बघायला निघून गेले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस एकटा उरणार आहे, आणि ते तो कुणालाच सांगत नाहीये.

पुढचे दिवस मी अंगणात येरझारा घातल्या. ठरल्याप्रमाणे तिला पांढुर्ण्याला न्यायचं होतं. कागद सगळे दुरुस्त होते, एकाही कागदावर आता बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ज्या एका गोष्टीबद्दल मला येताना शंका नव्हती तिथेच घोडं पेंड खात होतं. श्रीधर फोनवर म्हणाला, तिला समजाव. मी म्हटलं, समजावून हो म्हणवलं तर त्या 'हो'ला अर्थ काय? आम्ही भांडलो. या खेपेला तो झोपला नाही.

जायच्या सकाळी मी तिला एवढंच सांगितलं, "बाई तुला विचारतील. तुला वाटेल ते सांग. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. दर वर्षी येईन." तिने वेणीची रिबन तोंडात धरली होती. ती तशीच ठेवून तिने पिशवीत काहीतरी चपटं कोंबलं.

ऑफिसात अधिकारी बाईंनी तिला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. बाहेर बाकावर मामाजी बसले, मी चालत राहिले. खिडकीपासून नोटीस बोर्डापर्यंत आणि परत. बोर्डावर काय लावलं होतं विचाराल तर सांगता येणार नाही. "बस वं थोडी," मामाजी म्हणाले, "तुह्याकडं पाहून मले चक्कर येऊन राहिली." मी बसले आणि लगेच उठले.

दार उघडलं. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मैंने उसी के शब्दों में लिखा है," त्या म्हणाल्या. "पर ये थाली का क्या मामला है?"

टेबलावर ते ताट होतं. खिळ्याच्या ओरखड्यांसकट. तनू खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मी कशीबशी ताटाची हकीकत सांगितली, मग बाईंनी तिला म्हटलं, "बेटा, तुमने जो मुझसे कहा, इनको भी बता सकती हो. मन हो तो."

तनूने माझ्याकडे न बघता ताटाकडे बघून सांगितलं, "हे पहिले तिकडं नेजा. तुमच्या घरी ठेवजा. साहेब लिवतीन तवरी कोणी यावरचं नाव नाई खोडलं, तं मी येतो." मग जरा थांबून, "अन् आबाजीले रोज फोन लावून देजा."

बाईंनी कागद वाचून दाखवला. सरकारी हिंदीच्या मधोमध तिचं बोलणं होतं तसं मराठीत उतरवलेलं होतं. खाली तनूने सही केली, पूर्ण नावाची, जन्मदाखल्यावर आहे त्या नावाची. समितीपुढे अजून एकदा विचारतील, आदेशाला वेळ लागेल, तिकडूनही पत्रं यावी लागतील, असं बाई सांगत होत्या. मी मान हलवत होते. मामाजी मात्र टेबलावरचं ताट उचलून धोतराच्या सोग्याने पुसत होते, पुन्हा पुन्हा.

निघायच्या दिवशी दोघंही पांढुर्ण्याच्या स्टेशनावर सोडायला आले. मामाजींनी संत्र्याच्या बर्फीचे डबे दिले. तनूने ताट स्वतः माझ्या बॅगेत, साड्यांच्या मधे ठेवलं. मला नमस्कार केला आणि "मोठी आई, नरखेडले उतरू नका," म्हणाली. गाडी सुटली तेव्हा ती आबाजींचं बोट धरून उभी होती, हात न हलवता. तिचं काम झालं होतं, आता पाळी माझी होती.

ऑकलंडच्या विमानतळावर बर्फी काढून घेतली. दुधाची म्हणून. तिथल्या अधिकाऱ्याने ताटही उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं की यावर हे कशाचे ओरखडे. मी म्हटलं, आमच्या मुलीने काढलेत. 'आमच्या' म्हणताना मला वाटलं आता हाही कागद मागेल. त्याने ताट परत दिलं.

प्रवासवर्णनाच्या शेवटी माणूस घरी येतो आणि चार शहाणपणाच्या गोष्टी लिहितो. मला लिहिता येत नाहीत. दोन देशांच्या कायद्यांनी मिळून बांधलेली ही वाट मी बरीचशी चालून आले. त्यातली एकही पायरी मला आता फालतू वाटत नाही, आणि एकही सहन होत नाही. आदेश अजून यायचा आहे. मी ऑफिसात जाते, येते, टपालाची पेटी बघते, झोपेतून उठून पुन्हा मेल बघते. ताट मांडणीवर पुढेच ठेवलं आहे. ते घासायचं मी श्रीधरला देत नाही, न जाणो जोर लावायचा.

रोज त्यांच्या सकाळी, तनू शाळेला जायच्या आधी, फोन येतो. मामाजी मागे चुलीपाशी खाकरत असतात. मला ती अजून मोठी आईच म्हणते. कशी आहेस, जेवलीस का, हे तिला चालत नाही. आधी एकच काम.

"मोठी आई, ताट दाखवा."

मी ताट कॅमेऱ्यासमोर धरते. उजेड पडून अक्षरं चमकतात, मग मी ते थोडं वाकडं करते.

"अजून जवळ."

मी जवळ नेते. ती बोट स्क्रीनवर ठेवून, एकेक अक्षर लावत वाचते, जसं पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

"कु. तनुश्री. आई... वसुधा." मग मागे वळून ओरडते, "हाये, आबाजी! अजून हाये!"